आवाजाचं बटण ज्याच्या त्याच्या खोलीत



चातुर्मासातला स्वयंपाक, मुलांचा स्वाध्याय, सणावाराची आवराआवर असे विषय आपण नेहमी घेतो. आज मात्र घरातल्या गाण्याच्या सेटवर लिहिते आहे. विषय पुरुषमंडळींचा वाटेल. पण त्या सेटचं सुख आणि त्याचा त्रास, दोन्ही जास्त करून आपल्याच वाट्याला येतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. माणूस ज्या खोलीत बसून ऐकतो, त्याच खोलीत आवाजाचं बटण असलं पाहिजे. हॉलमध्ये सेटपाशी बसलेल्या एकाच माणसाच्या हातात सगळ्या घराचे कान असू नयेत. आणि एवढ्यासाठी दर खोलीला नवा स्पीकर विकत आणायची गरज नाही. घरात आहे तो ॲम्प्लिफायर, आहेत ते स्पीकर, मध्ये एक स्पीकर सिलेक्टरची पेटी आणि खोलीखोलीत एक नॉब, एवढ्यात काम होतं. ही पेटी घरी बनते. तिचा हिशेब आपण बायकांनी स्वतः मांडावा, असं माझं ठाम मत आहे.

एक बटण, चार गरजा

आमच्या घरात चार पिढ्या आहेत. सकाळी स्तवनं लागतात. सेट हॉलमध्ये. सासूबाई सत्त्याऐंशी वर्षांच्या, त्यांची खोली मागच्या बाजूला. त्या म्हणतात, "काही ऐकू येत नाही गं, वाढव की जरा." वाढवलं की बारावीतला नातू दार लावून घेतो. सूनबाईची ऑफिसची मीटिंग असली की ती येऊन हळूच कमी करते. मी स्वयंपाकघरात. मिक्सर सुरू असला की मला काहीच ऐकू येत नाही आणि बंद केला की तोच आवाज अंगावर येतो. ह्यांना बातम्या हव्या असतात, त्याही मधूनमधून.

यात चूक कुणाचीच नाही. प्रत्येकाची गरज खरी आहे, बटण तेवढं एकच आहे. मग घरोघरी होतं तेच होतं. जो मोठ्यानं बोलू शकतो त्याच्या मनासारखं होतं. म्हातारं माणूस दोनदा सांगतं, तिसऱ्यांदा गप्प बसतं. "राहू दे, मला नको," असं म्हणतं. मैत्रिणींनो, या "राहू दे" कडे आपण लक्ष द्यायला हवं. ऐकणं सुटलं की माणूस हळूहळू घरातल्या बोलण्यातूनही सुटतं.

वय झालं की कान सगळ्या आवाजांना सारखे कमी होत नाहीत. आधी जातात ते बारीक, उंच स्वर. स, श, त, फ, थ ही अक्षरं ऐकू येतात ती त्या स्वरांवरच. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात, "आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत." अशा वेळी हॉलमधला सेट नुसता मोठा करून भागत नाही. दोन खोल्या ओलांडून, भिंतींवर आपटून येणारा आवाज घुमतो आणि शब्द आणखीच गढूळ होतात.

यावर साधा उपाय म्हणजे स्पीकर जवळ आणणं. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलनं वाढतो. खोलीत भिंतींमुळे तो थोडा कमी वाढतो, पण शब्द स्वच्छ येतात, कारण कानावर पडतो तो सरळ आलेला आवाज, घुमलेला नव्हे. सासूबाईंच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर एक छोटा स्पीकर हळू लावला, तर हॉलमधल्या मोठ्या आवाजापेक्षा त्यांना जास्त कळतं आणि नातवाच्या खोलीपर्यंत काही जात नाही. कानांची तपासणी करून घ्यायचीच, यंत्र लागत असेल तर तेही लावायचं. पण स्पीकर जवळ आणि बटण हाताशी ही सोय कुठल्याही यंत्राच्या आड येत नाही.

ओहमचा जमाखर्च

मी बी.कॉम. झालेली. कॉलेजात जमाखर्च शिकले, वीज नाही. पण हा विषय समजून घेताना जाणवलं की हा शुद्ध हिशेब आहे. बेरीज, भागाकार आणि कुणाला किती परवडतं याचा विचार, बस.

स्पीकरच्या मागे ८ ओहम, ६ ओहम किंवा ४ ओहम असं लिहिलेलं असतं. ओहम म्हणजे वाटेतली अडवणूक. ओहम जास्त तर वीज कमी वाहते, ओहम कमी तर वीज जास्त वाहते. ॲम्प्लिफायरच्या मागेही छापलेलं असतं की किमान किती ओहमचे स्पीकर चालतील. काहींवर ४ असतं, काहींवर ८.

आता ॲम्प्लिफायर म्हणजे दुकानाचा गल्ला समजा. एक ८ ओहमचा स्पीकर जोडला, एकाची उचल सुरू झाली. त्याच दोन तारांवर दुसरा ८ ओहमचा स्पीकर जोडला की उचल दुप्पट होते. गल्ल्याला दिसतात ४ ओहम. तिसरा जोडला की साधारण २.७, चौथा जोडला की २ ओहम. ज्या ॲम्प्लिफायरला किमान ४ ओहम सोसतात, त्याच्यावर २ ओहमचा भार टाकला की तो तापतो. चांगला असेल तर स्वतःच बंद पडतो, नसेल तर आतले ट्रान्झिस्टर जळतात. आमच्या नात्यातल्या एका घरी कारागिरानं चार खोल्यांचे स्पीकर असेच एकत्र पिळून जोडले होते. सेट अर्ध्या तासानं बंद पडायचा आणि सगळे सेटला नावं ठेवायचे. दोष जोडणीचा होता.

या जोडणीला शाळेच्या पुस्तकात समांतर जोडणी म्हणतात. घरातले दिवे अशाच जोडणीवर असतात, म्हणून एक बंद केला तरी दुसरा चालू राहतो. दुसरी ती एकसर जोडणी, जुन्या दिवाळीच्या माळेसारखी. एकामागे एक जोडायचं, म्हणजे ओहमची सरळ बेरीज होते. ८ आणि ८ मिळून १६. गल्ल्याला आराम, पण एक तार सुटली की दोन्ही गप्प.

आणखी एक आकडा लक्षात ठेवा. ॲम्प्लिफायरची शक्ती वॅटमध्ये दुप्पट झाली तर आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. आपल्या कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दसपट वॅट लागतात. याचा उलटा अर्थ आपल्या कामाचा. वॅट निम्मे झाले तरी कानाला फारसं कळत नाही. घरात बसून ऐकायला एक-दोन वॅट पुष्कळ होतात. त्यामुळे चार खोल्यांत वाटणी झाली तर प्रत्येकाला कमी पडेल, ही भीती बाळगायचं कारण नाही.

पेटीचे चार प्रकार, आणि माझी निवड

पहिला प्रकार सगळ्यात सोपा. एक फिरतं बटण, एका वेळी एकच खोली. हॉल, स्वयंपाकघर, मागची खोली, बंद. कितीही फिरवलं तरी ॲम्प्लिफायरला एकच जोडी दिसते, म्हणून धोका नाही. लहान कुटुंबाला एवढं पुरतं. पण सासूबाई आणि मी एकाच वेळी वेगवेगळ्या खोल्यांत ऐकत असू, तर हा प्रकार निरुपयोगी.

दुसरा प्रकार म्हणजे सगळे स्पीकर समांतर आणि वाटेत एक रोधक. चार जोड्यांचे २ ओहम होतात, त्यात २.२ ओहमचा वायरवाउंड रोधक घातला की ४.२ होतात. डावीकडे एक, उजवीकडे एक. पांढऱ्या सिमेंटच्या लांबट विटेसारखे दिसणारे हे रोधक १० किंवा २० वॅटचे घ्यावे लागतात. ॲम्प्लिफायर वाचतो, पण चारही जोड्या चालू असताना निम्म्याहून जास्त शक्ती त्या रोधकात उष्णता होऊन जाते. शिवाय एका खोलीनं बटण दाबलं की बाकीच्या खोल्यांचा आवाज उतरतो. सोसायटीत खालच्या मजल्यानं नळ सोडला की वरच्याची धार बारीक होते, तसंच. घरात आधीच आवाजावरून कुरबुर असेल तर हा प्रकार ती वाढवेल. माझा याला विरोध आहे.

तिसरा प्रकार एल-पॅडचा. बाहेरून हा साधा व्हॉल्यूमचा नॉब दिसतो, पण आत दोन रोधक एकाच दांड्यावर असतात. एक स्पीकरच्या वाटेत, दुसरा स्पीकरच्या शेजारी समांतर. नॉब कमी करताना पहिला वाढतो आणि दुसरा घटतो, अशा बेतानं की ॲम्प्लिफायरला सतत ८ ओहमच दिसावेत. उदाहरण मांडून बघा. वाटेत ४ ओहम, स्पीकरच्या शेजारी ८ ओहम, स्पीकर स्वतः ८ ओहम. शेजारचे दोन मिळून ४ झाले, त्यात वाटेतले ४ मिळवले, एकूण ८. ॲम्प्लिफायरनं ८ वॅट दिले तर ४ वाटेत गेले, २ शेजारच्या रोधकात गेले, २ स्पीकरला मिळाले. आवाज ६ डेसिबलनं उतरला आणि गल्ल्याचा हिशेब जिथल्या तिथे राहिला. मला हा ताळेबंद फार आवडतो.

रेडिओत असतो तो साधा व्हॉल्यूमचा नॉब इथे चालत नाही, हे मात्र पक्कं ध्यानात ठेवा. तो अगदी थोड्या शक्तीसाठी बनवलेला असतो. स्पीकरच्या तारेवर लावला तर जळतो. एल-पॅडवर वॅट लिहिलेले असतात. ॲम्प्लिफायर एका बाजूला जितके वॅट देतो त्यापेक्षा कमी वॅटचा घेऊ नका.

पण एक गैरसमज सगळीकडे दिसतो. लोकांना वाटतं, एल-पॅड लावले की ओहमची काळजी मिटली. तसं होत नाही. प्रत्येक एल-पॅड ८ ओहम दाखवतो, आणि असे चार समांतर जोडले तर पुन्हा २ ओहमच होतात. त्यावर तोड अशी. चारपैकी दोन एकसर जोडायचे, झाले १६. दुसरे दोन एकसर, तेही १६. या दोन जोड्या एकमेकींना समांतर, झाले ८. चार खोल्या असूनही ॲम्प्लिफायरला एकच ८ ओहमचा स्पीकर दिसतो. प्रत्येक खोलीला पाव हिस्सा मिळतो. ४० वॅटचा ॲम्प्लिफायर असेल तर खोलीला १० वॅट, आणि ते घरासाठी भरपूर आहेत. तीनच खोल्या असतील तर चौथ्या जागी ८ ओहमचा दणकट रोधक बसवायचा. हिशेब तोच राहतो.

या जोडणीत खोली गप्प करायची तर नॉब शून्यावर आणायचा, तार तोडणारं बटण लावायचं नाही. तार तुटली तर तिची जोडीदार खोलीही गप्प होईल. आणि चारही ठिकाणी एकाच जातीचे स्पीकर असतील तर उत्तम. वेगवेगळे असले तर एकीकडे खालचा स्वर जाड आणि दुसरीकडे पातळ लागतो.

चौथा प्रकार ट्रान्सफॉर्मर असलेल्या व्हॉल्यूम कंट्रोलचा. आत तारेचं वेटोळं असतं आणि नॉब टप्प्याटप्प्यानं फिरतो. आवाज कमी करताना शक्ती उष्णतेत जात नाही, म्हणून तो फारसा तापत नाही. बऱ्याच कंट्रोलना मागे एक छोटी पट्टी असते, १, २, ४, ८ अशा खुणांची. पट्टी ४ वर ठेवली की ८ ओहमचा स्पीकर ॲम्प्लिफायरला ३२ ओहमचा दिसतो. असे चार समांतर जोडले की बरोबर ८. कुणी चालू करा, कुणी बंद करा, दुसऱ्याच्या आवाजात फरक पडत नाही. फक्त ट्रान्सफॉर्मर लहान असला तर अगदी खालचा, तबल्याच्या डग्ग्याचा स्वर थोडा दबतो.

मंदिरात किंवा मंगल कार्यालयात एकाच ॲम्प्लिफायरवर वीस-वीस स्पीकर कसे चालतात, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. तिथे १०० व्होल्टची लाइन असते आणि दर स्पीकरला एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. युक्ती याच घराण्यातली. पण तो ॲम्प्लिफायर वेगळा येतो. घरचा साधा ॲम्प्लिफायर त्या लाइनला जोडू नये.

माझी निवड विचाराल तर चौथा प्रकार परवडला तर चौथा, नाही तर एल-पॅडचा तिसरा. आमच्याकडे तिसरा आहे. पेटीला भोकं ह्यांनी पाडली, सोल्डरिंग नातवानं केलं, कागदावरचा हिशेब आणि तारांना चिठ्ठ्या लावणं माझं. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या भागात आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं सामान मिळतं. भाव सारखे बदलतात, म्हणून इथे आकडे देत नाही. सगळ्या सामानाची बेरीज करा आणि तेवढ्याच खोल्यांसाठी बरे वायरलेस स्पीकर घेतले तर किती लागतील, ते शेजारी मांडा. स्पीकर आणि ॲम्प्लिफायर घरात आधीच असतील तर उत्तर तुमचं तुम्हाला दिसेल.

जिथे काटकसर करायची नाही

पेटीतली काही कामं अशी आहेत की तिथे दहा रुपये वाचवायला गेलं तर सेट जातो.

पहिलं, स्विच. बरेच कारागीर सगळ्या स्पीकरच्या काळ्या तारा एकत्र बांधतात आणि फक्त लाल तारेवर बटण लावतात. काही ॲम्प्लिफायरमध्ये, विशेषतः नव्या छोट्या डिजिटल प्रकारच्या ॲम्प्लिफायरमध्ये, काळ्या तारेवरही वीज असते. डावी-उजवी काळी तार एकत्र केली की तो बिघडतो. म्हणून दर खोलीला चारही तारा तोडणारं बटण घ्यावं, डावीच्या दोन आणि उजवीच्या दोन. एल-पॅडच्या जोडणीतही डावी आणि उजवी बाजू पूर्ण वेगळ्या ठेवायच्या.

दुसरं, एकाच स्पीकरची खोली. स्वयंपाकघरात एकच स्पीकर लावायचा असेल तर डाव्या-उजव्या तारा पिळून एक करू नका. ॲम्प्लिफायरचे दोन भाग एकमेकांवर वीज फेकतील. सेटवर मोनोचं बटण असेल तर ते दाबून फक्त एक बाजू वापरावी.

तिसरं, तार. १.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण १२ ओहम असतो. स्वयंपाकघर १२ मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन २४ मीटर, म्हणजे ०.३ ओहमपेक्षा किंचित कमी. ८ ओहमच्या पाच टक्क्यांच्या, म्हणजे ०.४ ओहमच्या आत राहिलं की काळजी नाही. बारीक ०.७५ ची तार घेतली तर तेवढ्याच अंतराला जवळजवळ ०.६ ओहम लागतात. लांबच्या खोलीला जाड तार हवी, ती एवढ्यासाठी.

चौथं, घरातली २३० व्होल्टची वीज. स्पीकरची तार कधीही त्या पाइपमधून किंवा त्याच स्विचबोर्डातून नेऊ नका. आतल्या आत तारेचं आवरण सोललं तर स्पीकरला आणि बटणाला हात लावणाऱ्याचा जीव जाईल. वेगळी केसिंग पट्टी लावा. दिसायला थोडी वाईट दिसली तरी चालेल.

पाचवं, हवा. एल-पॅड तापतात. प्लॅस्टिकच्या बंद डब्यात कोंडू नका. पत्र्याचा किंवा लाकडी, मागे भोकं असलेला डबा घ्या.

आणि सुरू करण्याआधी दोन तपासण्या. स्पीकरवर लाल-काळ्याची खूण पुसली असेल तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून बघा. स्पीकरचा कागद बाहेर ढकलला गेला तर सेलची वरची टोपी ज्या टोकाला लागली, ते लाल. जोडीतला एक जरी उलटा जोडला गेला तर खालचा स्वर नाहीसा होतो. मग ॲम्प्लिफायर जोडण्याआधी पेटीच्या आत जाणाऱ्या तारांवर मल्टीमीटर लावा. एल-पॅडच्या पेटीत ६ ते ८ ओहमच्या आसपास दिसलं पाहिजे. शून्याजवळ दिसलं तर कुठेतरी तार तारेला चिकटली आहे. ट्रान्सफॉर्मरच्या कंट्रोलला ही तपासणी लागू नाही. तिथे वेटोळ्यामुळे आकडा कमीच दिसतो, तारा डोळ्यांनी तपासाव्या लागतात.

"एवढं कशाला? ब्लूटूथ आण की!"

हे मला सगळ्यांनी ऐकवलं, आणि त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. भाड्याच्या घरात भिंतीवर पट्ट्या मारता येत नाहीत. तिथे वायरलेस स्पीकरच बरा. घरात जुना सेट नसेल तर मुद्दाम ॲम्प्लिफायर घेऊन तारा ओढत बसण्यात अर्थ नाही. एकट्या राहणाऱ्या बाईला एक छोटा स्पीकर उचलून सगळीकडे नेता येतो, तिला पेटी कशाला?

पण नांदत्या घरात गोष्ट वेगळी आहे. ब्लूटूथचा आवाज थोडा उशिरा येतो. हॉलचा सेट आणि स्वयंपाकघरातला ब्लूटूथ स्पीकर एकाच वेळी लावले की एकच ओळ मागे-पुढे ऐकू येते आणि डोकं उठतं. त्यातली बॅटरी काही वर्षांत म्हातारी होते, आणि बऱ्याच स्पीकरची बॅटरी बदलण्यापेक्षा नवा घेणं स्वस्त पडतं. मग जुना कचऱ्यात. शिवाय तो चालवायचा फोनवरून. सासूबाईंना फोनच्या काचेवर बोट फिरवायला जमत नाही, थरथरतं. गोल नॉब मात्र त्या डोळे मिटूनही फिरवतात. आयुष्यभर रेडिओचे कान पिळलेले हात आहेत ते.

तांब्याची तार आणि पुठ्ठ्याचा स्पीकर वीस-पंचवीस वर्षं सहज टिकतात. असलेल्या वस्तूतून गरज भागत असताना नवी आणू नये, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलं आहे. परिग्रहाची मर्यादा कपाटातल्या साड्यांपुरती थोडीच असते?

दुसरा आक्षेप असा की हे काम इलेक्ट्रिशियन करेल, तुम्ही कशाला पडता? जरूर करू दे. पण किती ओहम, कुठली खोली कुणाबरोबर एकसर, कुणाचा नॉब किती उंचीवर, हे त्याला कोण सांगणार? सासूबाईंचा नॉब खुर्चीत बसून हाताला यावा, स्वयंपाकघरातला ओट्यापासून आणि पाण्यापासून लांब असावा, नातवाच्या खोलीतला त्याला उठून फिरवावा लागावा, हे घर चालवणाऱ्या बाईलाच ठाऊक असतं. घरखर्चाची वही आपण दुसऱ्याला लिहायला देत नाही. मग हा तक्ता तरी का द्यावा?

बंद करण्याचा हक्क

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. खोलीतला नॉब आवाज वाढवायला लागतो, तसाच तो शून्यावर आणायलाही लागतो. सामायिकाला ४८ मिनिटं बसायचं तर बाहेर जाऊन "जरा बंद करता का?" असं कुणाला विनवावं लागू नये. अभ्यासाला बसलेल्या मुलाला, डोकं दुखणाऱ्या सुनेला, दुपारी डुलकी घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला आपल्या खोलीतली शांतता मागून घ्यावी लागू नये. स्तवन कितीही गोड असलं तरी ज्याला त्या वेळी नको आहे त्याच्या कानावर ते लादू नये, असं मला वाटतं.

शेजाऱ्यांचाही विचार यात येतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. हॉलमधला एकच सेट सगळ्या घरासाठी मोठा करण्यापेक्षा चार खोल्यांत चार हळू आवाज ठेवले, तर भिंतीपलीकडे जाणारा आवाज आपोआप कमी होतो. पहाटे उठणाऱ्या घरांनी तर हे पाहावंच.

येत्या रविवारी एवढंच करा. सेट बंद करा, प्लग काढा, ॲम्प्लिफायर फिरवून मागे किमान किती ओहम लिहिलं आहे ते वहीत उतरवा. घरातल्या प्रत्येक स्पीकरचे ओहम त्याखाली लिहा. मग खोलीखोलीत जाऊन विचारा, तुला काय ऐकायचं असतं, केव्हा, आणि केव्हा अजिबात नको असतं? हा शेवटचा प्रश्न आधी म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि त्यांनी "राहू दे" म्हटलं तरी उत्तर लिहूनच घ्या. तो कागद घेऊन बाजारात जा. दुकानदार तुम्हाला भलतंच काही विकू शकणार नाही.